लेखात न लिहिलेले दुकान

जालन्यातले एक चांगले हॉटेल माझ्या एका वाक्यामुळे बंद पडले, आणि ते वाक्य मी ठरवून बोललो होतो. ही गोष्ट मी बायकोला सांगितली नाही. ज्या मित्रांबरोबर त्या हॉटेलात बसत असे, त्यांच्याशी त्या विषयावर पुन्हा कधी बोललो नाही. पुढे टोकियोतल्या जुन्या कॉफीच्या दुकानांवर मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लेख लिहिला, तेव्हा ती सांगण्याची सरळ संधी समोर आली होती. लेख लोकांना आवडला; काहींनी कापून ठेवल्याचे सांगितले. मी तेव्हाही गप्प राहिलो.

लेखाची गोष्ट आधी सांगतो, कारण ज्यांनी तो वाचला त्यांना अर्धेच ठाऊक आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी जालन्याच्या एका बियाणे कंपनीत संकरित भाजीपाल्याचे काम पाहत होतो. कंपनीने मला दोन महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जपानला पाठवले. सोमवार ते शनिवार टोकियोबाहेरच्या एका शेतावर टोमॅटोच्या कळ्यांतले पुंकेसर चिमट्याने काढायचे, रविवार मोकळा. आमच्यावर देखरेख करणारे एक जपानी गृहस्थ होते, एकटे राहणारे, मोडके इंग्रजी बोलणारे. पहिल्याच रविवारी ते म्हणाले, "मनोरे सगळेच पाहतात. तुम्ही माझ्याबरोबर चला." आणि त्यांनी मला कॉफी पाजत शहर दाखवले.

त्या शहरात जुन्या पद्धतीची कॉफीची दुकाने अजून तग धरून होती. जुन्या पुस्तकांच्या गल्लीतल्या एका दुकानात जिना खाली उतरत असे. विटांच्या भिंती तंबाखूच्या धुराने तपकिरी झालेल्या, दिवे इतके मंद की पुस्तक घेऊन बसलेल्या माणसाची फक्त बोटे दिसत. दुसरे दुकान कांदा नावाच्या स्टेशनाजवळ. हे नाव ऐकून मी मोठ्याने हसलो आणि का हसलो ते माझ्या या जपानी सोबत्याला समजावून सांगता आले नाही. तिथे काचेच्या दोन गोळ्यांमध्ये खाली ज्योत लावून कॉफी वर चढवत. आमच्या प्रयोगशाळेत शोभेल असे ते यंत्र मालक टाय लावून, श्वास रोखून हाताळी. तिसऱ्या दुकानात तबकडी वाजत असताना बोलायला मनाई होती. साखर हवी असेल तर बोट दाखवायचे. ही दुकाने पाहायला जाणाऱ्याने घाई बाहेर ठेवून जावे, असे मी लेखात लिहिले होते. ते आजही खरे आहे.

पण मला ज्याविषयी बोलायचे आहे ते चौथे. एका देवळामागच्या गल्लीत, सात खुर्च्यांचे. मालक सत्तरीचा, पांढऱ्या सदऱ्यातला, एकटाच. तो कापडी पिशवीतून कॉफी गाळत असे. ती पिशवी कधी वाळू द्यायची नाही, काम झाले की स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायची, हा त्याचा नेम. पाण्याची धार इतकी बारीक सोडी की पाहणाऱ्याची मान आखडून जावी. आम्ही तिथे दर रविवारी जाऊ लागलो. तिसऱ्या रविवारी त्याने माझ्या सोबत्यापुढे नेहमीचा कप ठेवला आणि माझ्यासाठी मागच्या फळीवरून वेगळा कप काढला. फिकट रंगाचा, काठाला हिरवी रेघ असलेला. कॉफी झाल्यावर त्याने तो स्वतः निराळा विसळला, पुसला आणि पुन्हा फळीवर ठेवला.

माझे कान तापले. हजारो मैलांवर, भाषा न कळणाऱ्या एका म्हाताऱ्यापुढे मी मुठी आवळून बसलो होतो. का, ते सांगायला जालन्याला परत यावे लागेल.

एक्याऐंशी साली जालना जिल्हा झाला. नवी कार्यालये आली, बाहेरगावचे अधिकारी आले. त्याच वर्षी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका माणसाने कॉफीचे हॉटेल काढले. चहावर जगणाऱ्या गावात कॉफी, तीही काचेच्या ग्लासात नव्हे तर बशीसकट कपात. मालक सिकंदराबादला रेल्वेच्या उपाहारगृहात बरीच वर्षे काम करून आला होता. तोही फडक्याच्या पिशवीतून कॉफी गाळी आणि ती पिशवी पाण्यात भिजत ठेवी. बोलण्यात दखनी मिसळलेली, कपडे स्वच्छ. लोकांनी तो तेलंगणाकडचा असे धरून त्याला अण्णा म्हणायला सुरुवात केली. त्याने कधी हो म्हटले नाही, कधी नाही म्हटले नाही.

मी त्याला पहिल्याच दिवशी ओळखले. तो आमच्या गावचा होता, हसनाबादच्या बाजूचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. त्यानेही मला ओळखले. गल्ल्यावरून उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "कवा आलात?"

"इथंच असतो. बियाण्यात आहे."

"बरं झालं. घरी थोरले मालक बरे हायेत ना?"

"बरे आहेत."

तेवढेच. गावाचे नाव आम्ही दोघांनीही घेतले नाही.

थोरले मालक म्हणजे माझे वडील. त्याचे वडील आमच्याकडे कामाला होते. त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे. त्या वस्तीला आम्ही तेव्हा जे नाव घेत असू ते मी इथे लिहीत नाही. छप्पन्न सालानंतर ती सगळी कुटुंबे बौद्ध झाली, तरी आमच्या गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यातला एक कप जागचा हलला नाही. कान तुटलेला कप. त्याचे वडील काम आटोपून येत, तो कप स्वतः काढून विसळत आणि खाली ठेवत. आई वरून चहा ओती. ते पिऊन पुन्हा विसळत आणि कोनाड्यात पालथा घालत. सात-आठ वर्षांचा असताना तो चहा मीही कितीदा ओतला आहे. किटलीचे तोंड कपाला लागू नये म्हणून हात किती उंच धरायचा, हे मला कोणी शिकवावे लागले नाही.

हॉटेलात आमचे चौघांचे टेबल असे. मी, कापसाचा एक अडत्या, तहसील कार्यालयातला एक कारकून आणि कॉलेजातले एक प्राध्यापक. अडत्या रोज मालकाची खोडी काढी.

"अण्णा, ह्या कॉफीत दूध हाय का नुसती दुधाची आठवण?"

"शेठ, दूध तुमच्याच म्हशीचं हाय. तिला विचारा, ती पाणी कुठं पेली."

असे हसत-खेळत काही महिने गेले. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी त्याने तिघांपुढे हॉटेलातले जाड पांढरे कप ठेवले आणि माझ्यापुढे वरच्या फळीवरून काढलेला एक निराळा कप ठेवला. पातळ चिनी मातीचा, काठाला निळी रेघ. प्राध्यापक म्हणाले, "काय हो, तुमचा कप वेगळा? जावई झालात की काय अण्णांचे?" सगळे हसले. मीही हसलो. कॉफी झाल्यावर तो कप त्याने पोऱ्याकडे न देता स्वतः विसळला आणि त्या फळीवर पालथा घातला. फळीवर दुसरा कप नव्हता.

मला एका क्षणात सगळे समजले, निदान तसे वाटले. कोनाडा आठवला. हा माणूस माझ्या मित्रांदेखत मला माझ्याच घरचा कप परत पाजत होता, आणि त्यांना काही कळत नसल्यामुळे मला रागावताही येत नव्हते. किती हुशारीने केले होते त्याने! मी त्याला विचारू शकलो असतो. कप वेगळा का, एवढे तीन शब्द. पण विचारायचे म्हणजे कोनाड्याविषयी बोलायचे, आणि ते मला नको होते.

चार महिने मी तो राग पाळला. मी हॉटेलात जायचे थांबवले नाही. उलट एकही दिवस चुकवला नाही. रोज त्याच कपातून प्यायलो, रोज तो पालथा घातला जाताना पाहिला. खरे सांगायचे तर मला त्यात गोडी लागली होती. कप ओठाला लावताना वाटे, हसून घे. तुझे सगळे दुकान माझ्या जिभेवर आहे. हॉटेल भरलेले असले की मला चीड येत नसे, बरेच वाटे. जितके भरेल तितके रिकामे होताना दिसेल. शेतावर मिरचीच्या कळ्या उघडताना मी मनात माणसे निवडत होतो. कारकुनाला सांगावे तर तो घाबरट. प्राध्यापक समतेवर भाषणे देत, त्यांना ऐकून घ्यायलाही लाज वाटली असती. अडत्या सोवळ्याओवळ्याच्या घरातला. तोच ठीक.

आणि दिवसही आपोआप मिळाला. अडत्याच्या मुलीचे लग्न ठरले आणि वऱ्हाडाला कॉफी पाजायचे काम त्याने अण्णाला दिले. अण्णाच्या आयुष्यातले ते पहिले मोठे काम. तो आमच्या टेबलाशी उभा राहून सांगत होता, "शेठ, अशी कॉफी पाजतो की व्याही परत मागतील." त्याचा चेहरा मी नीट पाहून घेतला. तो आत गेल्यावर मी अडत्याकडे वाकलो.

"आमच्या गावचाच की तो."

"कोण, अण्णा? मी तर तिकडचा समजून राह्यलो."

"न्हाई. ओढ्यापलीकडचा. बाप आमच्याकडं कामाला होता."

अडत्याच्या हातातला कप बशीत आला. आवाज मोठा नव्हता. "आधी का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही कधी विचारलं न्हाई."

मी खोटे एक अक्षर बोललो नव्हतो. पुढची अनेक वर्षे मी स्वतःला हेच ऐकवत आलो.

लग्नातले काम दुसऱ्याला गेले. अडत्या यायचा थांबला, त्याच्याबरोबर त्याच्या ओळखीचे व्यापारी थांबले. कोणी कारण बोलून दाखवले नाही. एकाला अचानक कॉफीने झोप येईना, एकाला दुकान लांब पडू लागले. प्राध्यापकांना पित्त झाले. मी रोज त्याच खुर्चीत बसून ते पाहत होतो. अण्णा दारात उभा राहून रस्त्याकडे पाही, ओळखीचे कोणी दिसले की, "या ना शेठ, जल्दी जल्दी कुठं?" म्हणे, आणि शेठ हात हलवून पुढे जाई. मला वाईट वाटले नाही, हे लिहायला हवे. मला तृप्त वाटत होते, चांगले जेवण झाल्यासारखे. घरी गेल्यावर बायको म्हणे, हल्ली तुम्ही खुशीत असता.

वर्ष पुरे व्हायच्या आत हॉटेल बंद झाले. शेवटच्या दिवशी मी गेलो, कारण शेवट पाहिल्याशिवाय मला राहवत नव्हते. त्याने निळ्या रेघेचा तोच कप पुढे ठेवला आणि विचारले, "साखर बराबर हाय ना?"

"बराबर आहे."

मग तो भांडी बांधायला आत गेला. मी कॉफी संपवून बाहेर पडलो. त्या वेळी सुद्धा मी जिंकलो असेच मला वाटत होते.

टोकियोच्या त्या दुकानात मी मुठी आवळून बसलो होतो तो एवढे सगळे घेऊन. चौदा वर्षे झाली होती, आणि राग ताजाच होता. फक्त इथे कोनाडा नव्हता, ओढा नव्हता, माझे घर कोणाला ठाऊक नव्हते. म्हणून मला विचारता आले. मी सोबत्याला म्हणालो, "मला वेगळा कप का?"

तो मालकाशी दोन वाक्ये बोलला. म्हाताऱ्याने मान लववली. सोबती म्हणाला, "वेगळा नाही, तुमचा. तीनदा आलेल्या माणसाला ते स्वतः कप निवडून देतात. तो दुसऱ्या कोणाला देत नाहीत, दुसऱ्या कोणाला धुवू देत नाहीत. ती सगळी फळी अशाच लोकांची आहे."

मी फळीकडे पाहिले. तीसेक कप असतील, एकासारखा एक नाही. इतका वेळ मला त्यातला फक्त माझा दिसला होता.

लेखात मी लिहिले की परक्या देशातल्या या आपुलकीने मला आनंद झाला. ते खोटे होते. सोबत्याला आत सोडून मी बाहेर येऊन गल्लीत उभा राहिलो. लगेच शहाणपण आले असेही नाही. आधी मी वाद घातला: जपानमधली रीत वेगळी, आमच्याकडे वेगळ्या कपाचा अर्थ एकच होतो, आणि तो त्यालाही ठाऊक असणारच. कितीतरी दिवस मी हाच मुद्दा स्वतःपुढे मांडत राहिलो. मग एकदा कळ्या उघडताना मनात आले, वेगळ्या कपाचा अर्थ आमच्याकडे एकच का होतो? तो अर्थ कोणी लावून ठेवला? मी ज्या गोष्टीचा सूड घेतला ती माझ्याच घरातली होती.

एवढे कळूनही परत आल्यावर मी तो गोड लेख लिहिला. कपांच्या फळीवर तर दोन परिच्छेद लिहिले. लेखाच्या शेवटी म्हटले, असे दुकान आपल्याकडे असते तर!

पंधरा दिवसांनी संपादकांनी एक पोस्टकार्ड पाठवले. निळ्या शाईतले, सरळ अक्षर. "लेख वाचला. कपाची फळी जालन्यातही होती. लेखकांनी ती पाहिलेली आहे. लिहायची राहून गेली असेल." खाली पत्ता एमआयडीसीचा, एका रोलिंग मिलच्या फाटकासमोरचा. संपादकांनी कोपऱ्यात लिहिले होते, "कुठे होती? पुढचा लेख त्यावर द्या."

कार्ड मी कपाटातल्या कागदांखाली सारले. जायचे नाही, उत्तर द्यायचे नाही, आपोआप विसरले जाईल. नऊ महिने असे काढले. त्या काळात एमआयडीसीतून जायची वेळ आली तर मी लांबचा रस्ता धरत असे. शेवटी ज्या दिवशी आमच्याच नव्या प्रक्रिया केंद्राच्या कामासाठी जाताना मी ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितली आणि त्याने, "साहेब, हा रस्ता तर सरळ हाय, उलटं कशाला?" असे विचारले, त्या दिवशी मी गाडीतून उतरलो आणि चालत गेलो.

पत्र्याची टपरी होती. पाळी सुटलेली, त्यामुळे कामगारांची गर्दी. दोन टेम्पो रस्त्यातच उभे. तो मोठ्या पातेल्यापुढे उभा होता. केस पांढरे झाले होते, सदरा तसाच स्वच्छ. त्याने मला पाहिले आणि गाळणी हलवत म्हणाला, "या. कॉफी न्हाई इथं. चहा हाय."

"कार्ड मिळालं तुमचं."

"लेख चांगला व्हता. फडक्याचं बराबर लिव्हलं तुम्ही. भिजत ठेवावं लागतं, लई जणांना म्हाईत न्हाई."

"तो कप..." मी थांबलो.

"कोणता?"

त्याने मला सुटू दिले नाही. मी म्हणालो, "वरच्या फळीवरचा. मला वाटलं, आमच्या घरातला कप तुम्ही मला परत देताय."

तो हसला. "दिलाच व्हता की परत. तुमच्या घरानं माझ्या बापाला कान तुटलेला दिल्ता. मी म्हणलं, आपण साबूत देऊ, दुकानातला सगळ्यात भारी. सिकंदराबादला रोजच्या साहेब लोकांचे कप असेच निराळे ठेवायचे. जालन्यात पहिला तुमचा लावला. माझा बदला तसा व्हता. मला वाटलं, मालकाचा पोरगा खुश हुईल, कायतरी विचारील. तुम्ही विचारलंच न्हाई."

"बाबा, चार कट द्या जल्दी, गाडी भरायची हाय!" एक टेम्पोवाला ओरडला.

"देतो रे, तुझी गाडी काय पळून न्हाई राह्यली." त्याने ग्लास मांडले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "त्या लग्नाच्या कॉफीसाठी बिया आणल्या व्हत्या मी, सिकंदराबादहून, सोता जाऊन. शेठला कोण बोललं, ते मला त्याच दिवशी समजलं. जालन्यात दुसरं कुणाला म्हाईत व्हतं?"

"मग शेवटच्या दिवशी काही बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट पाहिली."

त्याने मला शिव्या द्याव्यात, ग्लास फेकून मारावा, असे मला मनापासून वाटत होते. तसे झाले असते तर हिशेब मिटल्यासारखे वाटून मी मोकळा होऊन परतलो असतो. तो चहा ओतत राहिला. मी पुढे होऊन काहीतरी पुटपुटलो. मिलमध्ये तापलेल्या सळ्या आपटत होत्या, टेम्पो चालूच होता.

"काय?" तो म्हणाला. "ऐकू न्हाई आलं. बोलायचं असंल तर बोला, माझे हात मोकळे न्हाईत."

मग मी इतक्या मोठ्याने बोललो की ग्लास घेतलेली माणसे वळली आणि टेम्पोवाल्याने इंजिन बंद केले.

"तुमचं हॉटेल मी बंद पाडलं. तुम्ही ओढ्यापलीकडचे आहात, हे मी शेठला मुद्दाम सांगितलं, लग्नाचं काम तुम्हाला मिळालं त्याच दिवशी, ते जावं म्हणून. नंतर रोज येऊन तुमच्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या आणि मला बरं वाटलं. तुमच्या वडिलांना आमच्या गोठ्यात मी माझ्या हातानं वरून चहा ओतला आहे. त्याची लाज मला वाटायला हवी होती, आणि मी शिक्षा तुम्हाला दिली. माझा गुन्हा आहे. या सगळ्यांसमोर मी तुमची आणि तुमच्या वडिलांची माफी मागतो."